लंगरातली रोटी आणि घरातली रोटी

नांदेडच्या तख्त सचखंड हुजूर साहिब या गुरुद्वाऱ्याच्या परिसरात लंगराच्या, म्हणजे सर्वांसाठीच्या सामुदायिक जेवणाच्या, वेळी स्वयंपाकघराच्या दाराशी पाच मिनिटे उभे राहिले, तर एक दृश्य सहज नजरेस पडते. खाटेएवढ्या लोखंडी तव्यावर एका वेळी कितीतरी रोट्या भाजल्या जात असतात आणि उलथन्याने त्या उलटणारे हात बहुधा पुरुषांचे असतात. कणकेचे गोळे करणाऱ्यांत, कांद्याच्या ढिगापुढे डोळे पुसत बसलेल्यांत आणि खरकटी ताटे घासणाऱ्यांच्या रांगेत बायकांबरोबर पुरुषही बसलेले दिसतात. पिकल्या दाढीचा, चांगल्या घरचा दिसणारा एखादा गृहस्थ दुसऱ्याचे उष्टे ताट राखेने घासावे तसे मन लावून घासतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही, कारण ही सेवा आहे आणि ती करायला मिळणे हा मान आहे. आता हाच गृहस्थ संध्याकाळी घरी पोहोचल्यावर काय करतो, असे विचारले तर बऱ्याच घरांतले उत्तर अमृतसरला, नांदेडला आणि लंडनच्या साउथॉलमध्ये सारखेच येते: तो पाण्याचा पेला बसल्या जागी मागतो.

शीख धर्मात स्त्री आणि पुरुष समान आहेत, हे वाक्य आपण अनेकदा ऐकतो आणि ते खोटे नाही. ते नेमके कुठवर खरे आहे आणि कोणत्या उंबरठ्यावर अडते, हे कळायचे असेल तर तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवून पाहाव्या लागतात: गुरूंची वाणी, पंथाने नंतर लिहून काढलेले आचारनियम आणि पंजाबातील जमीनदार शेतकरी घराची रीत. या तिन्हींची सरमिसळ झाली की कुणी वाणीतली एक ओळ दाखवून सगळे आलबेल असल्याचे सांगतो, तर कुणी रीतीकडे बोट दाखवून वाणीलाच दोष देतो.

वाणीपासून सुरुवात करू. गुरू नानकांच्या (१४६९ ते १५३९) उपदेशाचा गाभा तीन शब्दजोड्यांत सांगितला जातो: नाम जपो, किरत करो, वंड छको. म्हणजे नामस्मरण करा, सचोटीने कष्ट करून कमवा आणि मिळालेले वाटून खा. या तिन्हींपैकी एकासाठीही घरदार सोडावे लागत नाही. नानकांनी संन्यासाचा मार्ग नाकारला आणि आयुष्याच्या अखेरच्या पर्वात कर्तारपूरला स्वतः शेती केली. ही बाब वरवर साधी वाटते, पण स्त्रीच्या दर्जाच्या दृष्टीने तिचा परिणाम फार मोठा आहे. ज्या परंपरांत मुक्तीसाठी घर सोडावे लागते, तिथे बायको ही ओघानेच माया, मोह आणि वाटेतली धोंड ठरते. घर हीच साधनेची जागा ठरली की तिला धोंड म्हणता येत नाही, आणि घरात कोण कसा वागतो हा प्रश्न खासगी न राहता धर्माचाच होतो.

गुरू ग्रंथ साहिब या शीख धर्मग्रंथातील ‘आसा दी वार’ या रचनेत नानकांनी हा मुद्दा थेट मांडला आहे. ‘भंडि जंमीऐ भंडि निंमीऐ’ अशी सुरुवात करून ते सांगतात की माणूस स्त्रीच्या पोटी राहतो, स्त्रीच्या पोटी जन्मतो, तिच्याशीच त्याची सोयरीक आणि लग्न होते, एक गेली तर तो दुसरी शोधतो. मग ‘सो किउ मंदा आखीऐ जितु जंमहि राजान’, जिच्या पोटी राजे जन्मतात तिला वाईट का म्हणावे? ही ओळ सभासमारंभांत इतकी वापरली जाते की तिची धार बोथट झाली आहे, आणि खरे सांगायचे तर तिच्यावर एक आक्षेपही घेता येतो: राजांना जन्म दिला म्हणून मान, मग जिने कुणालाच जन्म दिला नाही तिचे काय? पण कडवे तिथे संपत नाही. पुढे स्त्रीपासूनच स्त्री होते असे म्हटले आहे आणि शेवटी स्त्रीवाचून असलेला तो एकटा परमेश्वर, बाकी कुणीही नाही, इथवर युक्तिवाद नेला आहे.

मला स्वतःला त्याच रचनेतले सूतकाचे कडवे अधिक मोलाचे वाटते, कारण ते थेट चुलीपाशी येते. (पंजाबीत सूतक म्हणजे मुख्यतः बाळंतपणाचा विटाळ, आपण ज्याला सोयर म्हणतो तो.) नानक विचारतात की सूतक मानायचेच असेल तर ते सगळीकडेच आहे. गोवरीत आणि सरपणात किडे असतात, धान्याचा एकही दाणा जिवावाचून नाही, आणि ज्याने सारे हिरवे होते ते पाणी तर पहिला जीव. मग सूतक पाळायचे कसे, ‘सूतकु पवै रसोइ’, ते तर रोज स्वयंपाकघरातच येऊन पडते. खरे सूतक मनाच्या लोभात आणि जिभेच्या खोटेपणात आहे, असे ते पुढे सांगतात. बाईचे शरीर काही दिवस अपवित्र असते या समजुतीवर तिला चुलीपासून, देवघरापासून आणि माणसांपासून दूर ठेवण्याची अख्खी व्यवस्था उभी असते; इथे तिचा पायाच काढून घेतला आहे.

वाणीचा आदर राखूनही दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. दहाही गुरू पुरुष होते, आणि गुरू ग्रंथ साहिबमध्ये ज्यांची रचना समाविष्ट आहे त्यांत एकही स्त्री नाही. नामदेवांची ६१ पदे तिथे आहेत, पण त्यांच्या घरी दळणकांडण करीत अभंग रचणाऱ्या जनाबाईचे एकही नाही. भक्ताने स्वतःला स्त्री मानून परमेश्वररूपी पतीला आळवावे, हे रूपक मात्र ग्रंथभर आहे. ‘ठाकुरु एकु सबाई नारि’, धनी एकच आणि आपण सारे त्याच्या नारी. देवापुढे पुरुषाने स्त्री होणे ही गोड कल्पना आहे, पण तिच्यामुळे रात्री रडणाऱ्या मुलासाठी कोण उठतो यात काही फरक पडल्याचे दिसत नाही.

गुरूंच्या काळात विचाराला संस्थेचे रूप मिळू लागले. तिसरे गुरू अमरदास यांनी पडद्याला आणि सतीला विरोध केला. चितेत जळतात त्या सती नव्हेत, विरहाच्या घावाने मरतात त्या सती, असे त्यांचे वचन ग्रंथात आहे. नवराबायको कुणाला म्हणावे याविषयीही त्यांनी सांगितले की नुसते एकत्र बसतात त्यांना नव्हे, ‘एक जोति दुइ मूरती’, दोन देहांत एकच ज्योत असेल त्यांना. दुसरे गुरू अंगद यांच्या पत्नी माता खीवी यांनी खडूरचा लंगर सांभाळला. गुरुपत्नींपैकी नावानिशी उल्लेख ग्रंथात त्यांचाच येतो, आणि तो कशासाठी, तर त्यांची सावली दाट पानांच्या झाडासारखी आहे आणि त्यांच्या लंगरात तुपातली खीर वाटली जाते यासाठी. रोज येणाऱ्या अनोळखी माणसांना पुरेल असा शिधा, सरपण, भांडी आणि हात यांचा मेळ घालणे हे मोठे व्यवस्थापन आहे, आणि ते काम धर्मग्रंथात नोंदवण्याच्या योग्यतेचे मानले गेले.

तरीही सभांमध्ये दाखला दिला जातो तो बहुतेक वेळा माई भागोंचा. १७०५ साली खिदराणा येथे, म्हणजे आजच्या मुक्तसरला, माघारी गेलेल्या शिखांना परत आणून त्या लढल्या, पुढे गुरू गोविंदसिंगांबरोबर नांदेडला आल्या आणि उतारवयात बीदरजवळच्या जनवाडा गावी राहिल्या. त्यांचे शौर्य वादातीत आहे. पण वीरांगनेचा गौरव करायला घरातली रीत बदलावी लागत नाही, आणि खीवीचा दाखला मनापासून द्यायचा तर स्वयंपाकघरातल्या कामाला काम म्हणावे लागते; पहिला दाखला लोकप्रिय होण्याचे कारण यातच असावे.

लेखी नियमांच्या बाबतीत पंथ बराच पुढे आहे. गुरुद्वाऱ्यांचा कारभार पाहणाऱ्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने १९४५ साली अंतिम केलेली ‘रहित मर्यादा’ हा शीख आचाराचा मान्य ग्रंथ आहे. त्यानुसार स्त्रियांनी संगतीत, म्हणजे भाविकांच्या सभेत, घुंगट घेऊ नये, त्या गुरू ग्रंथ साहिबच्या सेवेत बसू शकतात, अमृतसंचार म्हणजे शीख दीक्षाविधी करणाऱ्या पाच जणांतही स्त्रिया असू शकतात, विधवेला पुनर्विवाह करता येतो, लग्नात पैशाचा व्यवहार निषिद्ध आहे आणि मुलगी मारणाऱ्या ‘कुडीमार’ माणसाशी संबंध ठेवायचा नाही. मुलाच्या नावापुढे सिंग आणि मुलीच्या नावापुढे कौर लावावे, हाही त्यातलाच नियम. परंपरा त्याचे नाते खालशाच्या, म्हणजे दीक्षित शिखांच्या पंथाच्या, १६९९ मधील स्थापनेशी जोडते. कौर हे नाव बापाकडून येत नाही आणि नवऱ्याकडूनही येत नाही. आपल्याकडे अर्जातला मधला रकाना लग्नानंतर बापाच्या नावावरून नवऱ्याच्या नावावर जातो, त्या तुलनेत ही मोकळीक मोठीच. प्रत्यक्षात मात्र कौरच्या पुढे संधू, गिल, धालीवाल अशी कुळनावे लागतात आणि लग्नानंतर ती बदलतात.

आता तिसरी गोष्ट, रीत. तिचा इतिहास पाहिला की वाणी आणि व्यवहार यांत किती अंतर पडू शकते हे कळते. १८३९ साली महाराजा रणजितसिंग वारले तेव्हा त्यांच्या चार राण्या आणि सात दासी चितेवर जळाल्या. गुरू अमरदासांचे वचन ज्या ग्रंथात आहे त्याच ग्रंथाला तो दरबार मान देत होता. एकोणिसाव्या शतकात ज्या काही घराण्यांना कुडीमार म्हटले जाई, त्यांत गुरू नानकांच्याच बेदी कुळातील घरेही होती. कारण धर्माचे नव्हते, प्रतिष्ठेचे होते: आपल्याहून खालच्या मानलेल्या कुळात मुलगी देता येत नाही, वर कुणी उरलेले नाही, मग मुलगीच नको.

प्रतिष्ठेच्या जोडीला जमीन येते. विधवेने पुन्हा लग्न करावे ही सुधारणा पंजाबच्या शेतकरी घरांत जुनीच होती, पण तिचे रूप ‘चादर पाउणी’ असे होते, म्हणजे दिराने भावजयीच्या डोक्यावर चादर घालून तिला पत्नी करणे. बाहेरून पाहणाऱ्याला हे पुरोगामी वाटते. आतून पाहिले तर मृत भावाच्या वाट्याची जमीन घराबाहेर जाऊ नये याची ती तजवीज होती, आणि त्या बाईला कोणता पुरुष हवा हे विचारण्याचे कारणच नसे. इंग्रजी अंमलात न्यायालयांनी ‘पंजाबची रूढी’ म्हणून हीच व्यवस्था उचलून धरली, ज्यात मुलीला बापाच्या जमिनीत वाटा नव्हता. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा शिखांनाही लागू आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने शेतजमिनीबाबतची पळवाटही बंद झाली. तरी वाटणीच्या वेळी बहिणी भावांच्या नावे हक्क सोडून देतात, आणि न सोडणाऱ्या बहिणीला माहेर तुटते. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या तलाठी कार्यालयांतही हक्कसोड पत्रावरच्या सह्या बहुतेक बहिणींच्याच असतात.

या सगळ्याचा हिशेब जनगणनेत दिसतो. २००१ साली शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली पंजाबात ७९८ होत्या आणि देशभरातील शीख समाजात ७८६. स्त्रीला वाईट का म्हणावे असे रोज गाणाऱ्या समाजाचा हा आकडा देशातील सर्व मोठ्या धर्मसमूहांत सर्वात खाली होता. त्याच वर्षी अकाल तख्ताने, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाने, स्त्रीभ्रूणहत्येविरुद्ध हुकूमनामा (धर्मादेश) काढला. २०११ पर्यंत पंजाबचा आकडा ८४६ वर आणि शिखांचा ८२८ वर आला. सुधारणा झाली, पण ती कुठल्या खड्ड्यातून झाली हेही लक्षात ठेवावे. महाराष्ट्राने नाक मुरडण्याचे कारण नाही: गर्भलिंगनिदानावर देशात पहिला कायदा १९८८ साली आपण केला आणि आपला आकडा २००१ ते २०११ या दशकात ९१३ वरून ८९४ वर घसरला.

माझ्या समजुतीप्रमाणे या सगळ्यात एक सूत्र सापडते. ज्या कामाला सेवा म्हटले जाते आणि ज्यात मालमत्ता हलत नाही, तिथे शीख समाजात स्त्री-पुरुष शेजारी शेजारी बसतात. जिथे सातबारा, वंशाचे नाव किंवा व्यासपीठावरची जागा यांचा प्रश्न येतो, तिथे वाणी ऐकून घेतली जाते आणि निर्णय रीत करते.

कामाच्या बाबतीत हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. रोटी लाटण्याचेच उदाहरण घेऊ. गुरुद्वाऱ्यात तीच सेवा होते आणि पुण्य पदरी पडते. २००५ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर प्रवाशांची जेवणे तयार करणाऱ्या एका कंपनीने साडेसहाशेहून अधिक कामगारांना एकाएकी कामावरून काढले, त्यांत साउथॉलच्या पंजाबी बायकांचा मोठा भरणा होता. सलवार-कमीज घातलेल्या, कित्येक पन्नाशीच्या पुढच्या या बायका रस्त्यावर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी विमानतळावरील इतर कामगारांनी काम थांबवल्याने उड्डाणे बंद पडली. तिथे अन्न शिजवणे ही किरत होती, तिला पगार होता आणि तिच्यासाठी भांडता येत होते. संध्याकाळी घरी जाऊन त्याच बायका जो स्वयंपाक करीत, त्याला सेवा म्हणत नव्हते आणि किरतही म्हणत नव्हते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार भारतात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाची २८९ मिनिटे त्यात जातात आणि जे पुरुष ते करतात त्यांची ८८. हा आकडा सर्व धर्मांचा मिळून आहे, पण कोणत्याही एका समाजाने त्यातून स्वतःला वगळावे असे काही दिसत नाही.

इथे आपल्या नामदेवांची आठवण होते. गुरू ग्रंथ साहिबमधील त्यांच्या एका पदात चित्त एका जागी ठेवून हातांनी दुसरे काम करण्याचे दाखले येतात: पतंग उडवणारे मूल गप्पा मारते पण त्याचे लक्ष दोरीत असते, पाणी आणणाऱ्या पोरी टाळ्या देत हसतात पण त्यांचे चित्त घागरीत असते. शेवटचा दाखला असा आहे: बाळ पाळण्यात निजले आहे, ‘अंतरि बाहरि काज बिरूधी’, आई घरातल्या आणि बाहेरच्या कामांत गुंतलेली आहे, पण मन बाळापाशी आहे. नामदेवांना सांगायची आहे ती भक्तीतली एकाग्रता. पण सातशे वर्षांपूर्वीच्या शिंप्याने घरात आणि बाहेर दोन्हीकडे राबणारी, वर पाळण्याकडेही लक्ष ठेवणारी बाई किती अचूक टिपली आहे! पदात बाप कुठे दिसत नाही.

शेतीत ही दुहेरी कसरत उघड दिसते. २०२० च्या अखेरीस दिल्लीच्या सिंघू आणि टिकरी सीमांवर शेतकरी आंदोलन उभे राहिले. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात म्हाताऱ्या माणसांना आणि बायकांना तिथे का ठेवले आहे, अशी विचारणा झाली. त्यावर पिवळ्या ओढण्या घेतलेल्या बायकांचे उत्तर असे होते की आम्हाला कुणी ठेवलेले नाही, आम्ही शेतकरी आहोत. १८ जानेवारीला महिला किसान दिवस पाळला गेला. सीमेवरच्या तंबूंमध्ये पुरुष कणीक मळत होते आणि भांडी घासत होते, तर गावात राहिलेल्या बायका गव्हाला पाणी देत होत्या आणि गुरेही पाहत होत्या. वर्षभर हा फेरबदल चालला, काम अडले नाही. पण शेतकरी सन्मान निधीसारखी मदत ज्याच्या नावावर जमीन आहे त्याच्या कुटुंबाला मिळते, आणि नाव बहुधा पुरुषाचे असते. भूमिहीन दलित शेतमजूर बाईची तर आणखीच निराळी गत, कारण तिच्या घरातल्या पुरुषाच्या नावावरही जमीन नाही.

लग्नविधीत बदलाची कुजबुज आहे. आनंद कारज या विधीत गुरू रामदासांच्या चार लावां, म्हणजे विवाहाची चार कडवी, म्हटल्या जातात आणि जोडपे ग्रंथाभोवती चार फेरे घेते. नवऱ्याच्या खांद्यावरच्या पल्ल्याचे दुसरे टोक वधूचा पिता तिच्या हाती देतो, नवरा पुढे चालतो आणि ती मागे. लावांच्या शब्दांत कुणी पुढे चालावे असे सांगितलेले नाही. तिथे आत्मा ही वधू आहे, मग नवरदेवही वधूच. काही तरुण जोडपी यावरून प्रश्न विचारतात, ज्येष्ठ मंडळी मर्यादा मोडू नका म्हणतात, आणि बहुतेक लग्ने नेहमीसारखी लागतात.

संस्थांमधली जागा हा शेवटचा उंबरठा. शिक्षणात पंथाने लवकर पाऊल टाकले. भाई तख्तसिंग आणि त्यांच्या पत्नी हरनाम कौर यांनी १८९२ साली फिरोजपूरला शीख कन्या महाविद्यालय सुरू केले. शिरोमणी कमिटीच्या अध्यक्षपदी मात्र स्त्री यायला १९९९ साल उजाडले. त्या बीबी जागीर कौर. अमृतसरच्या हरिमंदिर साहिबच्या (सुवर्णमंदिराच्या) गाभ्यात स्त्रियांनी कीर्तन करण्याला रहित मर्यादेत मनाई नाही, तिथे ते होऊ द्यावे अशी मागणी अनेक वर्षांची आहे, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये पंजाब विधानसभेनेही तसा ठराव केला. इतर गुरुद्वाऱ्यांत स्त्रिया कीर्तन करतात, उत्तम करतात, त्यांच्या रागदारीची तारीफही होते. हरिमंदिर साहिबमध्ये दररोज पहाटे, अंधार असतानाच, आसा दी वार गायली जाते. ‘सो किउ मंदा आखीऐ’ ही ओळ ऐन त्या गायनात येते, तलावाच्या पाण्यावरून परिक्रमेत बसलेल्या बायकांपर्यंत पोहोचते, आणि ती गाणारे रागी, म्हणजे कीर्तनकार, आजवर पुरुषच आहेत.